मधुमेह टाळण्यासाठी उसळ आणि चालणे यांची सांगड कशी घालावी

मधुमेह टाळण्यासाठी ताटात उसळ वाढवायची, तर तिच्यासाठी भाताची किंवा पोळीची जागा रिकामी करावी लागते. नेहमीचे जेवण तसेच ठेवून वर वाटीभर उसळ खाल्ल्यास पोटात अन्न तेवढे जास्त जाते. म्हणून एक पोळी किंवा निम्मा भात कमी करून मटकी, चवळी, हुलगे किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ घ्यावी. कडधान्यांतील पिष्ट सावकाश पचते, त्यांतील तंतूंमुळे हा वेग आणखी मंदावतो आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. सवय नसल्यास अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, म्हणजे पोट फुगणार नाही.

मिसळही मटकीचीच, असे नाशिककर म्हणतील. ते खरे आहे. परंतु तर्रीचे तेल, मूठभर शेव-फरसाण आणि मैद्याचे पाव यांच्यात मटकीचा वाटा थोडाच उरतो. नाशिकमध्ये रविवारची मिसळ सोडा असे सांगणे व्यर्थ असल्याने, ती घरी करताना मोड आलेली मटकी दुप्पट घ्यावी, तर्री बेताची ठेवावी आणि एकाच पावावर थांबावे.

जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनवर फारसे विसंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतात. आठवड्याला एकूण 150 मिनिटे भरभर चालणे व्हावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग पुरेसा आहे. कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान जवळ नसेल, तर गल्लीही चालेल. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर काढावेत. पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्यास मांड्यांना चांगला व्यायाम होतो, मात्र गुडघे दुखत असल्यास त्या टाळाव्यात.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहार व व्यायामातील बदलांमुळे मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला होता. एचबीएवनसी या रक्तचाचणीत 5.7 ते 6.4 टक्के आलेल्यांना, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, म्हणूनच हा क्रम विशेष उपयोगी आहे. ही चाचणी रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे पंधरवड्यात ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. साखरेची औषधे सुरू असलेल्यांनी व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्यांचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.