चालती खानावळ हाती घेताना

मालवणातली आमची खानावळ मी एका काकींकडून घेतली. त्यांनी ती घराच्या पडवीत सुरू केली होती, मग अंगणात पत्रे टाकून वाढवली. मुलं मुंबईला स्थिरावली, काकींचे गुडघे बोलायला लागले आणि चुलीपाशी उभं राहायला घरात कुणी उरलं नाही. मी त्याआधी कुडाळला एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहायचे. आता बसायची जागा दुप्पट झाली आहे आणि काकींच्या वेळची माणसं अजून जेवायला येतात. मालवण, वेंगुर्ला, देवगड, गुहागर, जिथे जाल तिथे अशी एखादी खानावळ असतेच, जिची मालकीण थकली आहे. ती तुम्ही घेणार असाल तर मला जे कळलंय ते सांगते.

पहिली गोष्ट. नक्की काय विकत घेताय ते कागदावर मांडा. खोली, टेबलं, फ्रीज, टोप यांची किंमत कुणीही काढेल. ज्यासाठी लोक येतात ते मात्र काही माणसांच्या हातात असतं. रोज मासे देणारी, भाकऱ्या थापणारी, वाटप म्हणजे खोबऱ्याचं वाटण लावणारी आणि खुद्द मालकीण. यातली कोण राहणार, किती दिवस राहणार, हे पैशाचं बोलणं सुरू होण्याआधी प्रत्येकीला स्वतः भेटून विचारा. मालकिणीमार्फत निरोप पाठवू नका.

मसाल्याच्या दिवसांत आत शिरा

लोक म्हणतात, पावसात धंदा थंड असतो तेव्हा ताबा घ्यावा. सही खुशाल जूनमध्ये करा, पण शिकायला त्याआधी एप्रिल-मेमध्येच जा. वर्षाचा मालवणी मसाला उन्हाळ्यातच होतो. बेडगी आणि संकेश्वरी मिरची किती, लवंगी घालायची की नाही, धणे कितपत भाजायचे, दगडफूल, बडीशेप, नागकेशर यांचं प्रमाण काय, हे तेव्हाच डोळ्यांनी बघायला मिळतं. जूनमध्ये गेलात तर मसाला डब्यात भरलेला असतो आणि तुम्ही वर्षभर दुसऱ्याच्या अंदाजावर जेवण करता. शिवाय मे महिन्यात गर्दी शिगेला असते. खानावळ कुठे अडते ते त्या दिवसांत दिसतं.

काकींना 'किती घालता?' असं विचारू नका. त्या 'अंदाजान' म्हणतील आणि ते खरंच असतं. त्यापेक्षा मसाल्याचा डबा, मिठाची बरणी, खोबऱ्याचं ताट, सगळं स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. त्यांना नेहमीसारखं करू द्या. झालं की पुन्हा वजन करा. फरक म्हणजे त्यांची मूठ. असं एकाच पदार्थाचं वेगवेगळ्या दिवशी करा, कारण आमसुलं नवी की जुनी, नारळ कोवळा की जून, त्याप्रमाणे मूठ बदलते. तो बदल का केला ते मात्र लगेच विचारा. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नेमकं असतं.

वाढवायचं किती, ते भाकरीवरून ठरवा

नवा मालक आधी टेबलं वाढवतो. जेवण कुठे तुंबतं ते आधी मोजा. रविवारी दुपारी एक ते तीन वही घेऊन स्वयंपाकघरात उभे राहा. समजा, तव्यावर एका वेळी आठ तुकड्या बसतात आणि रवा लावलेली सुरमईची तुकडी दोन्ही बाजूंनी नीट व्हायला सात मिनिटं लागतात. मधे रवा काढणं, तेल बदलणं धरलं तर तासाला साठ तुकड्या म्हणजे डोक्यावरून पाणी. हात बसलेली बाई दोन शेगड्यांवर मिनिटाला एक भाकरी उतरवते, तीही जोर असताना. ताटाला एक तुकडी आणि दोन भाकऱ्या धरा, म्हणजे भाकरीवर तासाला तीसच ताटं. तवा साठ देतोय, भाकरी तीसच. अशा वेळी बाहेर चार टेबलं वाढवलीत तर फक्त वाट बघणारी माणसं वाढतात. आधी दुसरी भाकरीवाली हवी, तिला शेगडी हवी, पीठ मळायला ओटा हवा. आमच्याकडे पहिला मोठा खर्च स्वयंपाकघराची मागची भिंत सरकवण्यावर झाला. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, पण ताट वेळेवर येतं.

मोठा टोप घेऊन कढी, म्हणजे आमच्याकडचा माशांचा रस्सा, दुप्पट करायचा मोह टाळा. मोठ्या टोपात उकळी यायला वेळ लागतो, खालचे मासे मोडतात, तिरफळांचा वास उतरतो तो वेगळा आणि आमसुलांचा आंबटपणा वर-खाली होतो. त्याच मापाचे दोन टोप लावा आणि दुसरा अर्ध्या तासाने चढवा. शेवटच्या पंगतीलाही बांगडा अख्खा मिळतो. सोलकढीचंही तेच. नारळाचं दूध उकाड्यात टिकत नाही, म्हणून दुपारची दुपारी, रात्रीची रात्री. वाटपासाठी दगडी ग्राइंडर घ्या. मिक्सर तापला की खोबऱ्याला तेल सुटतं आणि ते कढीत लगेच कळतं.

पाण्याचा विचार इथेच करा. आपल्याकडे रेतीची जमीन आणि विहिरीचं पाणी. ताटं दुप्पट झाली की खरकटं, तेलकट पाणीही दुप्पट होतं आणि ते शोषखड्ड्यातून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाऊ शकतं. तेल अडवणारी छोटी टाकी मोरीच्या बाहेर आधी बांधा आणि ती नेमाने उपसा. विहिरीचं पाणी तपासून घ्या, परवान्यासाठीही तो अहवाल लागतो.

कागद

जागा विकत असो की भाड्याने, सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः वाचा. कोकणात एका पडवीला दहा हिस्सेदार निघतात, त्यातले निम्मे मुंबईत. एकाची सही राहिली तर बांधकाम अर्ध्यावर थांबतं. भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तसंच सांगतो. किनाऱ्याच्या बाजूला पत्र्याची शेड टाकण्याआधी सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा, नकाशा बघा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कमी वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र आहे.

काकींचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी नंबर तुमचा होत नाही, स्वतःच्या नावाने नवा घ्यावा लागतो. जीएसटीचंही तसंच. खानावळीच्या बिलावर ५ टक्के कर लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे नवा डीप फ्रीजर, टेबलं, खुर्च्या यांचा हिशेब करासकट धरा. जुनी थकबाकी आहे का ते लेखी घ्या, कारण धंदा हस्तांतरित झाला की आधीचा जीएसटी विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांकडूनही वसूल होऊ शकतो. वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्याही मागा. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

नावाचं वेगळं कलम करारात घाला. पाटी, नाव आणि धंद्याची पत, म्हणजे गुडविल, तुम्ही घेतली असं स्पष्ट लिहा. विकणाऱ्यानेच उद्या त्याच गल्लीत त्याच नावाने दुकान मांडलं तर? पत विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा करू नये, अशी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मधल्या अपवादाप्रमाणे घालता येते. पण ही अट काकींना समोर बसवून, मराठीत वाचून दाखवा. त्यांना ती अविश्वासाची वाटू नये. पैसे एकरकमी न देता हप्त्यांनी द्या आणि एक हप्ता त्यांच्या शिकवण्याचा म्हणून वेगळा लिहा. शिकवण्याचे पैसे मिळतायत हे लिहिलेलं असलं की बाईला मान वाटतो. तो तिचा हक्कच आहे.

मासळी

मासे देणारीला सांभाळा. संध्याकाळी बंदरावर लिलाव लागतो तेव्हा काकींसोबत जाऊन उभे राहा. काकी मला म्हणाल्या होत्या, "गो बाय, आधी माशाचो डोळो बघ, मगे भाव इचार." वाढवल्यावर जास्त मासे लागतात आणि व्यापारी बर्फातली सुरमई स्वस्तात देऊ करतो. घ्यायचीच असेल तर फळ्यावर तसं लिहा. माझं मत विचाराल तर न घेतलेली बरी. सुरमई संपली की संपली, बांगडा घाला, तिसऱ्या घाला, मोरीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, मटण करा. लहान पापलेट तर घेऊच नका. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला. पिल्लंच खाल्ली तर पुढे ताटात काय वाढणार?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. त्या दोन महिन्यांचं ताट आधीच बसवून ठेवा: खाडीतले मासे, कुर्ल्या, सुकट, कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. श्रावणात आणि गणपतीत शाकाहारी ताट नीट द्या. चाकरमानी घरी आलेला असतो आणि पाहुण्यांना घेऊन येतो.

जुनी गिऱ्हाइकं

मालक बदलला हे त्यांना काकींच्या तोंडून कळू द्या. पहिला हंगाम काकींना गल्ल्यावर बसवा, दिवसातून तासभर पुरे. त्यांच्या दिसण्याने अर्धी शंका जाते. पाटी, स्टीलची ताटं आणि ताटाचा क्रम तसाच ठेवा. नवा रंग, नवे पंखे, धुवायला नीट बेसिन आणि बायकांसाठी स्वच्छ संडास मात्र लगेच करा, त्यावर कुणी कधी नाराज होत नाही. दर वाढवायचाच असेल तर ताब्याच्या दिवशी नको, गणपतीनंतर हंगाम सुरू होताना वाढवा. कुणी म्हणालं, "आज कढी वायली लागता," म्हणजे वेगळी लागते, तर बाजू मांडू नका. वाटीभर कढी घेऊन काकींकडे जा आणि त्यांना चाखायला द्या. बहुतेक वेळा आमसूल बदललेलं असतं, क्वचित वाटप लावणारी सुट्टीवर असते.

तारकर्लीला दुसरी शाखा काढा, असं तुम्हाला पहिल्याच डिसेंबरात कुणीतरी सांगेल. मे ते मे पूर्ण एक वर्ष जाऊ द्या, स्वतः मसाला करा, पावसाचे दोन महिने पगार देऊन बघा. मग तारकर्लीत जागा शोधण्याआधी तिथे राहणारी भाकरीवाली शोधा आणि तिला तीन महिने आधी मालवणात कामाला ठेवा.