बंदर यायच्या आधीचे तीन दिवस: तेलाच्या वहीची तयारी

जून लागला की आमच्या गावच्या पुळणीवर अनवाणी चालायची सोय नसते. लाटांबरोबर डांबराचे गोळे येतात, काही वाटाण्याएवढे, काही मुठीएवढे, आणि वाळूत लपून बसतात. लहानपणी समुद्रावरून आलो की आजी ओटीवर चढू द्यायची नाही. पायरीवर बसवून रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने तळवे घासायची, मग खोबरेल लावायची, तरी बोटांच्या बेचक्यात काळं उरायचंच. त्यातलं काही तेल समुद्रातल्या तेलविहिरींकडचं, काही अपघातांचं, आणि काही रात्री अंधारात बिल्ज, म्हणजे इंजिनरूमच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी, उपसणाऱ्या बोटींचं. पावसाळी वारा ते सगळं आणून आमच्या दारात टाकतो. हे मला कळलं ते पुढे, स्वतः इंजिनरूममध्ये उभा राहिलो तेव्हा.

म्हणून ही यादी, आपल्या भागातून बोटीवर जाणाऱ्या आणि टाकीतली पातळी मोजायची साउंडिंग टेप नुकतीच हाती आलेल्या फोर्थ-थर्ड इंजिनिअर पोरांसाठी. बोट तीन दिवसांनी जयगडला किंवा न्हावा-शेवाला लागणार आहे असं धरू. तपासणीस चढला की तो ऑईल रेकॉर्ड बुक, म्हणजे तेलाच्या नोंदींची वही, मागणारच. पण तयारी वहीपासून सुरू करू नका, टाकीपासून करा.

पहिल्या दिवशी आयओपीपी सर्टिफिकेटची पुरवणी काढा. तेलप्रदूषण रोखण्याचं हे जहाजाचं प्रमाणपत्र, आणि पुरवणीत स्लजच्या, म्हणजे तेलाच्या गाळाच्या, कोणत्या टाक्या, बिल्जची कोणती होल्डिंग टाकी, प्रत्येकीत किती घनमीटर मावतं हे लिहिलेलं असतं. वहीतली टाकीची नावं आणि आकडे त्या पुरवणीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. जुन्या बोटींवर एखाद्या टाकीला सगळे वेगळ्याच नावाने हाक मारतात आणि वहीतही तेच नाव घुसतं. तपासणीसाला तिथेच पहिली शंका येते.

मग टेप घेऊन प्रत्येक टाकी स्वतः मोजा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला बोट चांगलीच लोळते, त्यामुळे एका मापावर विसंबू नका. तीन-चार वेळा टेप सोडा, सरासरी घ्या, ट्रिम (पुढे-मागे कल) आणि लिस्टची (बाजूला कल) दुरुस्ती तक्त्यातून लावा. बिल्ज टाकीत टेपला पाणी ओळखणारी पेस्ट चोपडा. पाणी लागलं तिथे ती लाल होते, त्यावरून खाली पाणी किती आणि वर तेल किती ते दिसतं. माप डायरीत तिथल्या तिथे लिहा, कंट्रोल रूममध्ये पोचून आठवून नको.

हे इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. फोर्थ असताना एका रविवारी इंधन साफ करणाऱ्या प्युरिफायरच्या कामात रात्र गेली होती. आठवड्याची नोंद करायची होती, आणि मी साउंडिंग न घेता मागच्या आकड्यात थोडं मिळवून लिहिलं. पुढच्या बंदरात तपासणीसाने माझ्याच हातात टेप दिली आणि स्लज टाकीत सोडायला सांगितली. वहीत 4.1 घनमीटर, टेपवर 3.2. बाकीचं 0.9 कुठे गेलं, एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेल समुद्रात गेलं नव्हतं, पण ते सिद्ध करायला चीफ इंजिनिअरचा अख्खा दिवस गेला, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तपासणीसाचा हिशोब तसा साधा असतो. जड इंधन प्युरिफायरमधून काढताना साधारण 1 टक्का स्लज धरतात, काही जण दीड टक्का. रोज 20 टन जाळणारी बोट दहा दिवसांत 2 घनमीटरच्या आसपास स्लज करणार. वहीत त्याच्या निम्माही दिसत नसेल तर कारण हाताशी ठेवा, उदाहरणार्थ हलकं इंधन वापरलं किंवा प्युरिफायर बंद होता. जाळलेल्या स्लजचंही तसंच. इन्सिनरेटर तासाला किती लिटर जाळू शकतो ते त्याच्या पाटीवर असतं. तासाला 40 लिटरचं यंत्र आणि वहीत दोन तासांत 300 लिटर जाळल्याची नोंद, हे कोणी मान्य करणार नाही. बिल्जच्या पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या नोंदीतही घनमीटर भागिले तास हा भागाकार स्वतः करून पाहा. हे गणित तपासणीसाच्या आधी तुम्ही केलेलं असलं पाहिजे.

दुसरा दिवस सेपरेटरचा. जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचं पहिलं परिशिष्ट 2 ऑक्टोबर 1983 पासून लागू आहे, आणि इंजिनरूमच्या पाण्याबद्दल त्याचं म्हणणं असं: 400 ग्रॉस टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाने बिल्जचं पाणी बाहेर सोडायचं तर बोट चालती हवी, पाणी सेपरेटरमधून गेलेलं हवं आणि त्यात तेल 15 पीपीएमच्या वर नको. म्हणजे एक घनमीटर पाण्यात 15 मिलिलिटर, जेमतेम एक मोठा चमचा. आणि तेही पाणी मिसळून पातळ न करता. किनाऱ्यापासून 12 मैलांच्या आत सोडायचंच नाही असा कित्येक कंपन्यांचा स्वतःचा नियम असतो. तुमच्या कंपनीचा असेल तर तोच पाळायचा.

अलार्म चालतो का, तीन तोंडी व्हॉल्व्ह पाणी परत टाकीकडे वळवतो का, हे सेकंड इंजिनिअरसमोर करून दाखवायची तयारी ठेवा. 15 पीपीएम ओलांडल्यापासून बाहेरचा मार्ग बंद होईपर्यंत 20 सेकंदांच्या वर जाता कामा नये. घड्याळ लावून मोजा. पाण्यातलं तेल मोजणाऱ्या मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कधीचं आहे ते पाहा आणि त्याच्या मेमरीतल्या नोंदी काढता येतात का ते आजच शिकून घ्या. या यंत्रांत 18 महिन्यांच्या नोंदी साठतात आणि त्या वहीशी ताडून बघता येतात.

पावसाळ्यात सेपरेटर नीट चालत नाही, ही तक्रार खरी आहे. बोट लोळते, टाकीतलं तेल-पाणी घुसळून निघतं, ताकासारखं होतं. त्यावर उपाय म्हणजे घाई न करणे. टाकी गरम करून निवू द्या, तेल वर येऊ द्या, मगच चालवा. आणि इंजिनरूमचे पत्रे धुताना साबणाचं रसायन बिल्जमध्ये ओतू नका, त्याने जमलेलं मिश्रण कुठलाच फिल्टर फोडू शकत नाही. सॅम्पलच्या नळीत गोडं पाणी सोडून मीटरला शून्य दाखवायला लावणारे लोकही असतात. तसला नळ जोडलेला दिसला तर हात न लावता चीफना सांगा.

त्याच दिवशी बॅटरी घेऊन पाइपांवरून फिरा. पाणी समुद्रात सोडणाऱ्या ओव्हरबोर्ड व्हॉल्व्हचं सील आणि त्याचा नंबर लॉगमध्ये आहे ना बघा. फ्लँजवरचे, म्हणजे पाइपांच्या जोडावरचे, बोल्ट नीट न्याहाळा. सगळीकडे जुना रंग आणि चारच बोल्टवर ताजा रंग किंवा पान्याचे चरे असतील, तर तिथे कधीतरी दुसरा पाइप जोडला असावा. यालाच बोटीवर मॅजिक पाइप म्हणतात. सेपरेटर वगळून सरळ समुद्रात. प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीने 2016 मध्ये अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि अमेरिकेत 4 कोटी डॉलरचा दंड भरला. ते उघडकीला आणलं नुकत्याच बोटीवर आलेल्या एका इंजिनिअरने. एवढ्यासाठी कंपनीच्या डीपीएचा, म्हणजे किनाऱ्यावर नेमलेल्या जबाबदार माणसाचा नंबर खिशातल्या डायरीत असू द्या. कोणी वरिष्ठ तुम्हाला रात्री पाइप जोडायला सांगेल तेव्हा तो शोधत बसायला वेळ नसतो.

तिसरा दिवस वहीचा. भाग एक इंजिनरूमचा, सगळ्या 400 टनांच्या आणि वरच्या जहाजांना. भाग दोन फक्त 150 टनांच्या आणि वरच्या तेलवाहू जहाजांना, मालाच्या तेलासाठी. टँकरवर असाल तर मालाच्या टाक्यांच्या धुवणाचे नियम आणखी कडक आहेत: किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या पलीकडे, मैलाला 30 लिटरच्या आत, आणि नव्या जहाजांना एकूण मालाच्या तीस हजाराव्या भागाच्या आत. ती वही चीफ ऑफिसरची, त्यात तुम्ही लुडबुड करू नका.

आपल्या भाग एकमध्ये नोंदींना ए ते आय अशी अक्षरं आहेत. रोज लागतात ती सी आणि डी. सी म्हणजे स्लज: 11.1 टाकीचं नाव, 11.2 तिची क्षमता, 11.3 आत किती आहे, हे आठवड्याला. कुठे दिलं किंवा जाळलं ते 12 खाली. डी म्हणजे बिल्जचं पाणी: किती, कधी सुरू, कधी बंद, आणि सेपरेटरमधून सोडलं असेल तर सुरुवातीची आणि शेवटची जागा. ती जागा ब्रिजवरच्या लॉगशी जुळवून घ्या. वहीप्रमाणे सोडताना बोट जिथे होती तिथे लॉगप्रमाणे ती नांगरून उभी असेल, तर पुढे बोलायला काही उरत नाही. एफ हा मीटर किंवा सेपरेटर बिघडल्याचा आहे. तो लिहायला लोक घाबरतात. खरं तर बिघाड लिहून ठेवलेला बरा, लपवलेला बिघाड महागात पडतो. एच बंकरचा, म्हणजे जहाजात इंधन भरून घेण्याचा, तो पावतीवरून उतरवा. बाकी उरलेलं आयमध्ये.

प्रत्येक नोंदीखाली काम केलेल्या अधिकाऱ्याची सही, पान भरलं की कॅप्टनची. मध्ये रिकामी ओळ सोडू नका. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख, मग बरोबर नोंद. व्हाइटनर लावलेलं एक पान सगळ्या वहीवर संशय आणतं. शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं वही बोटीवर राहिली पाहिजे, त्यामुळे जुन्या वह्या कपाटात कुठे आहेत ते दाखवता येऊ द्या.

बंदरात स्लज द्यायचा असेल तर एजंटला किमान 24 तास आधी कळवा. किनाऱ्याच्या नळीला जोडायचा फ्लँज जगभर एकाच मापाचा असतो, 215 मिलिमीटर व्यास आणि सहा भोकं. तो रंगाखाली गंजून बसला नाही ना, गॅस्केट आहे ना, ते आधी पाहा. टँकर ट्रक किंवा बार्ज येऊन उभा राहिल्यावर ग्राइंडर शोधायची वेळ येऊ नये. पावती घ्या, तिच्यावर तारीख, वेळ, प्रमाण बघा, वहीत तोच आकडा लिहा आणि पावती वहीलाच जोडून ठेवा.

बंकर घेताना स्कपर (डेकवरची पाणी जायची भोकं) बंद, भुसा आणि शोषक कापड हाताशी, सोपेपची, म्हणजे तेल सांडल्यावर लागणाऱ्या सामानाची, पेटी उघडून आत खरंच सामान आहे का याची खात्री. तेल सांडलंच तर थांबवा, कळवा, मग वहीत ‘जी’ या अक्षराखाली वेळ, जागा, प्रमाण आणि कारण लिहा. आपल्याकडे समुद्रातल्या तेलगळतीचा समन्वय तटरक्षक दल करतं, आणि त्यांचा 1554 हा क्रमांक घरच्यांनाही पाठ असावा. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 धडकल्या, तेव्हा तेल उरण-अलिबागच्या खारफुटीत शिरलं. सप्टेंबर 2022 मध्ये 3,911 टन डांबर घेऊन निघालेलं पार्थ जहाज रत्नागिरीच्या बाहेर बुडालं. 19 खलाशी वाचवले गेले, पण किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस लाटेकडे बघत होता. अपघात टाळणं दर वेळी आपल्या हातात नसतं. व्हॉल्व्ह उघडणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

सुट्टीवर घरी याल तेव्हाचंही एक. मिरकरवाडा असो, हर्णै असो की देवगड, आपले ट्रॉलर 400 टनांच्या कितीतरी खाली, त्यांना ही वही नाही. पण तेलकट पाणी तसंच सोडायची मुभा त्यांनाही नाही, साठवून किनाऱ्यावर द्यायचं असाच नियम आहे. इंजिनातलं जळकं ऑईल बदललं की ते जेटीवरून खाली ओतलेलं मी पाहिलंय. तुमच्या तांडेलाला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको. एक झाकणाचा कॅन, वर खडूने तारीख, आणि भरला की जुनं ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडे. एका काकांच्या बोटीवर मी स्वतः कॅन नेऊन ठेवला. आता ते बंदरावर आलो की मलाच विचारतात, भरलाय, कधी नेतोस.

आणि बोट सोडताना, साइन ऑफच्या दिवशी, बदली आलेल्या पोराला वही नुसती हातात देऊ नका. त्याला घेऊन खाली जा, दोघं मिळून प्रत्येक टाकीत टेप सोडा, त्याने आकडा मोठ्याने वाचू दे, तुम्ही वहीत बघा. जुळला की तो सही करेल. गाडी गँगवेखाली थांबलेली असली तरी हे संपेपर्यंत बॅग उचलू नका.