बुलेटची सीट आणि सॅडलबॅग, पॅनल बदलायला लेदर कुठलं घ्यायचं

सीट फाटली की बरेच जण सरळ रेक्झिन मारून मोकळे होतात, पण ज्याच्या गाडीला खरं लेदर आहे आणि एकदोनच तुकडे गेलेत त्याने प्लीज सगळं काढून टाकू नका, तेवढेच पॅनल बदलता येतात. फक्त सीटला आणि गाडीच्या बाजूला लटकणाऱ्या सॅडलबॅगला एकच लेदर घ्यायचं नाही. दुकानदार म्हणेल एकाच कातड्यात दोन्ही निघेल, नका ऐकू.

सीटला क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, जाडी साधारण 1 ते 1.4 एमएम. ते मऊ असतं, फोमच्या गोलाईवर नीट ओढून बसतं आणि भिजून वाळलं तरी फार कडक होत नाही. जाड घेतलं तर जास्त टिकेल असं वाटतं, पण 2 एमएम झालं की कोपऱ्यावर घड्या पडतात आणि जोडावर तीनचार पदर एकत्र आले की साधं मशीन घेतच नाही.

बॅगचं नेमकं उलटं, तिथे आकार धरून राहणारं पाहिजे, म्हणजे व्हेज टॅन, 3 ते 4 एमएम. कोल्हापुरी चपलेला लागतं तसं, बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं. हे पाणी पितं, त्यामुळे पावसाच्या आधी तेल किंवा मेणाचा हात हवाच, आणि रिव्हेट पितळी किंवा स्टेनलेसचे लावा कारण साध्या लोखंडाने ओलं व्हेज टॅन काळं पडतं आणि तो डाग जाता जात नाही.

मुंबईत असाल तर धारावीत जाऊन हाताळूनच घ्या, ऑनलाइन फोटोवरून लेदर कळत नाही. भाव स्क्वेअर फुटावर असतो पण सगळं कातडं सारखं नसतं, पाठीचा भाग घट्ट, पोटाकडचा ढिला. दोन्ही हातांनी ओढून बघा, जिथे सैल ताणतंय तिथून सीटचा बसायचा भाग कापायचा नाही, नाहीतर थोड्याच दिवसात झोळ येतो. मग कापलेली कड बघा. आत कापडाचा थर दिसला आणि वरचा पापुद्रा प्लास्टिकसारखा सुटत असेल तर ते बाँडेड, म्हणजे लेदरचा भुगा चिकटवून केलेलं, सोडून द्या. रंग कडेला आरपार गेलेला असेल तर उत्तम, नुसता वरून मारलेला असेल तर पहिल्याच ओरखड्याला आतलं फिकं दिसतं. अंगठा दाबल्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या की बहुतेक कातड्याचा मूळ वरचा थर शाबूत आहे. जाडीसाठी व्हर्नियर सोबत न्या, लाजायचं काय त्यात.

रंग जुन्याशी तंतोतंत जुळणार नाही, उन्हात राहिलेलं लेदर वेगळंच होतं. म्हणून डावीकडचा पॅनल गेला असला तरी उजवीकडचाही बदला, जोडी सारखी दिसते.

जुना तुकडा उसवून साचा म्हणून वापरा पण तो ताणून मोठा झालेला असतो, त्यामुळे शेजारच्या पॅनलच्या शिलाईशी लांबी मोजून घ्या. दोरा बाँडेड पॉलिस्टरचा, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला (वरच्या बाँडेड लेदरशी याचा संबंध नाही), सुती नको, तो पावसात कुजतो. नवा तुकडा जुन्या लेदरला जोडताना जुन्याच भोकांतून आरीने हाताने शिवायला सांगा, मशीनने शेजारी नवी भोकं पडली की ती कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. कारागीर कुरकुर करेल, वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे द्या. आणि जोडाची कड रापीने (कातडं तासायच्या सुरीने) पातळ करून घेतल्याशिवाय शिवू देऊ नका, ती जाडी लांबच्या राइडला मांडीला टोचत राहते.