स्टेट कोर्टात हरलात? फेडरल कोर्टात धावण्याआधी या चुका टाळा

न्यू जर्सीत मुलांच्या ताब्याचा निकाल विरोधात गेला की आपला माणूस हमखास म्हणतो, "आता वरच्या कोर्टात जाऊ." आणि वरचं म्हणजे फेडरल, असं धरून चालतो. घोळ इथेच होतो. जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच शिडी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. अमेरिकेत शिड्या दोन: एक राज्याची (स्टेट), एक केंद्राची (फेडरल). फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट स्टेट कोर्टाच्या वर नाही, शेजारी आहे. स्टेट कोर्टाच्या निकालावरचं अपील ते ऐकत नाही. तो अधिकार फेडरल बाजूला फक्त अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा.

मग लोक शक्कल लढवतात: अपील न म्हणता "घटनात्मक हक्कांचा भंग" म्हणून नवा दावा लावायचा. ही युक्ती 1923 मध्येच रूकर खटल्यात फसली. जज आधी मागणी काय ते बघतात. "ताब्याचा आदेश रद्द करावा" एवढी एक ओळ सापडली, की तुमची बाजू कितीही खरी असो, दावा बाहेर.

उलट टोकाची भीतीही नको. 1983 च्या फेल्डमन खटल्यात सुप्रीम कोर्टाने फरक करून दिला: तुमच्यापुरत्या निर्णयाला डिस्ट्रिक्ट कोर्टात आव्हान नाही, पण ज्या सरसकट नियमावर तो उभा आहे त्याला देता येतं. 2005 च्या एक्सॉन मोबिल निकालाने तर हा अडसर आणखी आक्रसला. स्टेट कोर्टात आधी हरून मग तोच निकाल उलटवायला आलेल्यांनाच तो लागू. दोन्हीकडे एकाच वेळी खटले चालू असणं, एवढ्याने दार बंद होत नाही.

फौजदारी शिक्षेचं वेगळं. तिथे हेबिअस अर्ज (कैद बेकायदा आहे म्हणून फेडरल कोर्टात करायचा अर्ज) चालतो, पण आधी स्टेटमधले मार्ग संपवावे लागतात आणि 1996 च्या कायद्याने साधारण एका वर्षाची मुदत घातली आहे.

सगळ्यात महागात पडते ती मुदतच. न्यू जर्सीत अंतिम निकालावर अपेलेट डिव्हिजनमध्ये (राज्याच्याच अपील कोर्टात) जायला 45 दिवस मिळतात, आणि फेडरल दावा लावल्याने ते थांबत नाहीत. पुढे राज्याच्या सर्वोच्च कोर्टानेही नाकारलं, तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अर्जाला 90 दिवस. तोही फेडरल मुद्दा स्टेट कोर्टातच मांडून ठेवला असेल तर.

आणि हो, फेडरल आदेशात "विदाउट प्रेज्युडिस" दिसलं म्हणून पेढे वाटू नका. गुणदोषांवर निर्णय झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोच दावा तिथे पुन्हा टाकलात, तर तोच शेरा मारून परत येईल.