सोळा बाटची बोट: बँकॉक कमी पैशात कसं फिरायचं

बँकॉकला जायचं म्हटलं की आमच्याकडची मंडळी आधी पॅकेज किती पडेल ते विचारतात. माझं सांगणं असं की पॅकेज घेऊच नका. मी नांदेड डेपोला एसटीत कंडक्टर होतो. देगलूर, मुखेड, कंधार या रस्त्यांवर सगळी नोकरी झाली. प्रवासात पैसा कुठं गळतो ते त्या नोकरीनं शिकवलं, आणि बँकॉकमध्ये तो रस्त्यावर गळतो. टॅक्सी, टुकटुक, हॉटेलवाल्यानं लावून दिलेली गाडी. जेवण स्वस्त आहे, खोलीही बेताच्या भाड्यात मिळते, पण दिवसातून चारदा टॅक्सीत बसलात की हिशेब कोलमडलाच. शिवाय रस्ते इतके तुंबलेले असतात की पैसे देऊन नुसतं बसून राहायचं. म्हणून तिथं रूळ आणि पाणी धरूनच फिरायचं. आम्ही नवरा-बायको साठी उलटल्यावर असेच फिरलो, कुठं अडलं नाही.

नांदेड, परभणी, लातूरवाल्यांनी मुंबईचाच हट्ट धरू नये. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या साधारण निम्म्या अंतरावर आहे. रात्रीची गाडी धरली की सकाळी काचीगुडा, तिथून शमशाबाद विमानतळाला पुष्पक बस, आणि बँकॉकची थेट विमानं तिथूनच मिळतात. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर बघून घ्या. १ मे २०२५ पासून त्यांचं आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं. ते फुकट आहे. कार्डासाठी पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नव्हे, लगेच बंद करा.

तिथं विमानतळ दोन आहेत, मोठा सुवर्णभूमी आणि जुना डॉन मुआंग. आपलं विमान कुठं उतरतंय ते तिकिटावर बघून ठेवा. सुवर्णभूमीला उतरलात तर टॅक्सीवाल्यांकडं न बघता सरळ तळघरात जा. एअरपोर्ट रेल लिंक तिथून सुटते आणि ४५ बाटात फया थाई या शेवटच्या स्टेशनाला सोडते. पैसे बदलून देणारे लहान गाळेही त्याच मजल्यावर आहेत, त्यांचा भाव वरच्या बँकांपेक्षा चांगला असतो. डॉन मुआंगला उतरलात तर ए१ नंबरची बस ३० बाटात मो चितला नेते, तिथून पुढं रेल्वे आहेच. एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये धरून चाला. एटीएममधून मात्र थोडे थोडे पैसे काढू नका. परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क कापलं जातं, मग हजार काढा की दहा हजार.

राहायची जागा स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत हवी, ही माझी एकच अट. खाओ सानचा भाग स्वस्त म्हणून पोरं तिकडं धावतात, पण तिथं रेल्वे नाही. आमच्यासारख्यांनी फया थाई किंवा राचथेवीच्या आसपास बघावं. विमानतळाची गाडी तिथं येते, शहरातली वरची रेल्वे तिथून जाते आणि प्रतुनामचा कपड्यांचा बाजार चालत गाठता येतो. खोलीला खिडकी आहे का ते नक्की विचारा. स्वस्तात बिनखिडकीच्या खोल्या फार आहेत.

पत्ता शोधताना गल्लीचा नंबर बघायचा. गल्लीला तिथं सोई म्हणतात. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबरच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. पण दोन्हीकडचे नंबर समोरासमोर जुळतीलच असं नाही. सुखुमवित रस्त्यावर सोई २१ च्या समोर सोई १६ येते. हे ठाऊक नसलं तर माणूस भर उन्हात दोन स्टॉप चालत बसतो. सोई लांब असेल तर तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले उभे असतात, भाड्याचा फलक बहुधा बाजूलाच लावलेला असतो. हेल्मेट मागून घ्या.

आता रेल्वे. बीटीएस रस्त्याच्या वरून धावते, १९९९ पासून. एमआरटी बरीचशी जमिनीखालून, २००४ पासून. दोन्हींची तिकिटं वेगळी, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. भाडं १७ बाटपासून सुरू होऊन अंतराप्रमाणे वाढतं. एमआरटीला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टेकवून चालणारं कार्ड दारावर लावलं की काम झालं, फक्त निघण्याआधी आपल्या बँकेतून त्या कार्डाचा परदेशातला वापर चालू करून घ्या. बीटीएसला सुटं तिकीट काढा, किंवा जास्त दिवस असाल तर पासपोर्ट दाखवून रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्या. बीटीएसची ज्येष्ठांची सवलत त्यांच्या नागरिकांसाठी आहे, आपण पूर्ण तिकीटच धरायचं. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात डबे खच्चून भरतात, तेवढा वेळ टाळा.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांवर त्यांचं राष्ट्रगीत लागतं. चालणारी माणसं जागेवर थांबतात, आपणही थांबायचं. गाडीत भिक्खूंसाठी राखीव जागा असतात. बायकांनी भिक्खूंच्या अंगाला अंग लागू देऊ नये, हा तिथला रिवाज आहे.

खरी बचत आणि खरं शहर मात्र पाण्यावर आहे. बीटीएसच्या साफान ताक्सिन स्टेशनाला उतरलं की खालीच साथोर्नचा धक्का लागतो. तिथं टेबलं मांडून बसलेली माणसं पर्यटकांची बोट विकतात, खासगी होडीसाठी मागं लागतात. नम्रपणे मान हलवून पुढं जा. आपल्याला नारिंगी झेंड्याची बोट हवी. चाओ फ्राया नदीवर ती गावातल्या लोकांना कामावर नेते-आणते, आणि कुठंही चढा, कुठंही उतरा, मी लिहितोय तेव्हा तिकीट १६ बाट. निळ्या झेंड्याची पर्यटकांसाठी आहे, नदी तीच आणि पैसे दुपटीच्या घरात. धक्क्यांना नंबर आहेत. साथोर्न मध्यवर्ती, तिथून उत्तरेला एन१, एन२ असे चढत जातात. राचावोंग म्हणजे चायनाटाउन एन५, वाट फो मंदिरासाठी था तियन एन८, राजवाड्यासाठी था चांग एन९, खाओ सानसाठी फ्रा आर्थित एन१३. हे चार नंबर कागदावर लिहून खिशात ठेवले तरी अर्धं शहर हाताशी येतं.

त्या बोटीवर माझा सगळा वेळ तिकीट काढणाऱ्या बाईकडं बघण्यात गेला. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी असते, मधून उभी उघडणारी. आत एका बाजूला तिकिटांच्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला नाणी. झाकण खटखट वाजवत ती येते. तोंडानं काही बोलायची गरजच नाही, आवाज ऐकला की माणसं पैसे काढतात. नोट घेतली, नाणी बोटानं मोजली, नळीच्या कडेवर तिकीट फाडून हातात दिलं, आणि पुढच्या माणसाकडं गेलीसुद्धा. बोट हलतेय, गर्दी आहे, पण कोण नवीन चढलाय हे तिला बरोबर कळतं. मी वीसची नोट सरळ करून धरली होती, तिनं मान लववली. पाचशे-हजारची नोट अशा माणसापुढं धरू नका. विमानतळावरून निघतानाच मोठी नोट मोडून वीस-वीसच्या नोटा करून घ्या.

दुसरा माणूस बोटीच्या मागच्या टोकाला, तोंडात शिट्टी धरून. सुकाणूवाला पुढं बसतो, त्याला मागचं दिसत नाही. धक्का जवळ आला की हा लांब-आखूड शिट्ट्या मारतो आणि त्यावरून तो इंजिन मागं घेतो, थोपवतो, पुन्हा सोडतो. आमच्या गाडीतल्या दोरीच्या घंटीसारखंच हे, एक टोला थांब, दोन टोले चल. दोर खुंट्याला गुंडाळला की लगेच उतरायचं, कारण बोट फार वेळ थांबत नाही. म्हणून आपला धक्का येण्याआधीच मागच्या बाजूला सरकून उभं राहा. म्हाताऱ्या माणसांनी कठड्याला धरून, आधी एक पाय टाकून, घाई न करता उतरावं. तिथली माणसं हात देतात.

था तियनला उतरलात की वाट फोमधला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघा, आणि तिथूनच पाच बाटच्या तरीनं पलीकडं वाट अरुण मंदिराला जा. एमआरटीचं सनाम चाय स्टेशनही वाट फोच्या अगदी जवळ आहे, म्हणजे जाताना बोटीनं, येताना रेल्वेनं असं जमतं. मंदिरांत आणि राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. राजवाड्याचं तिकीट ५०० बाट आहे. दोघांचे हजार होतात, तेव्हा सकाळी साडेआठला दार उघडतं त्या वेळी जा, म्हणजे गर्दीच्या आधी नीट बघून होतं.

राजवाड्याच्या आसपास चांगले कपडे घातलेला एखादा गोड बोलून सांगेल, आज राजवाडा बंद आहे, चला वीस-चाळीस बाटात टुकटुकनं सगळी मंदिरं दाखवतो. ऐकू नका. ती टुकटुक रत्नांच्या नाही तर शिंप्याच्या दुकानात नेते, कारण गिऱ्हाईक आणल्याचं कमिशन चालकाला तिथं मिळतं. आम्हालाही असा एक भेटला. आम्ही हसून हात जोडले आणि दरवाज्यापर्यंत चालत गेलो, राजवाडा उघडाच होता. इतक्या स्वस्तात कुणी शहर फिरवत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी प्रवास बघितलेला माणूस म्हणून सांगतो.

नदीशिवाय एक कालवा आहे, सेन सेप. तिथल्या बोटी लांबुळक्या आणि वेगवान, भाडं दहा ते वीसेक बाट. जुन्या शहराकडून बोबे बाजार, प्रतुनाम, असोक अशी बोट पूर्वेला जाते. प्रतुनामला बोट बदलावी लागते, सगळे उतरले की तुम्हीही उतरा. पाणी घाण आहे, अंगावर उडू नये म्हणून कडेला ताडपत्री असते. कडेला बसणाऱ्यानं तिची दोरी ओढायची, ते काम प्रवाशाचंच. तिकीट घेणारे पोरगे डोक्यात हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून दोर धरून चालतात, कारण पूल फार खाली आहेत. ज्याला गुडघेदुखी आहे त्यानं हा कालवा सोडून द्यावा. चढ-उतार खरंच अवघड आहे. संध्याकाळनंतर त्याच्यावर विसंबूही नका.

बिनएसीच्या लाल बसला ८ बाट. मार्ग फोनच्या नकाशात दिसतात, हात केला की थांबते. टॅक्सी रात्रीपुरती आणि सामान असेल तेव्हाच. काचेत लाल दिवा म्हणजे रिकामी. मीटर लावणार का ते बसण्याआधी विचारायचं. ‘नाही’ म्हणाला तर दार लावून दुसरी बघायची. साध्या गाडीचा मीटर ३५ बाटपासून सुरू होतो. ग्रॅब आणि बोल्ट ही गाडी बोलवायची ॲप चालतात, आकडा आधीच कळतो.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण आमच्या घरी माळ आहे आणि हिला अंडंसुद्धा चालत नाही. तिथं नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, भाजीत माशाचं पाणी पडतंच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं ‘जे’ दुकान शोधा. त्या अक्षराचा फोटो फोनमध्ये ठेवा. तिथं मांस, मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालतं. दुसरीकडं खायचं झालं तर ‘मै साय नाम प्ला’ म्हणा, माशाचं पाणी घालू नका असा त्याचा अर्थ. फळं गाड्यावर कापून मिळतात. पहिल्या दोन दिवसांपुरते धपाटे आणि शेंगाची चटणी बरोबर असू द्या.

आणि फाहुरातला जा. एमआरटीच्या साम योत स्टेशनापासून चालत, कापडाच्या बाजारातून. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा लांबूनच दिसतो. नांदेडच्या माणसाला तिथं काही नवखं वाटत नाही. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, पंगतीत बसायचं. सकाळी लंगर असतो. जमेल तेवढी सेवाही करा, भांडी घासायला हात लागतातच.

एखादा दिवस मोकळा असेल तर अयुथ्थयाला जा. १७६७ पर्यंत तिथं राजधानी होती, विटांची पडकी मंदिरं गावभर उभी आहेत. रेल्वेचं तिसऱ्या वर्गाचं साधं तिकीट पंधरा-वीस बाट. खिडक्या उघड्या, वर पंखे, डब्यातून खाऊ विकणारे फिरतात. दिवस मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. आपल्याला कोरड्या उन्हाची सवय आहे, तिथलं ऊन दमट असतं आणि अंगातली ताकद लवकर काढतं. एप्रिलमध्ये तर दुपारी बाहेर पडूच नये.

परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर रेल लिंकची शेवटची गाडी बाराच्या सुमारास असते, तिच्या भरवशावर राहू नका. नऊ-दहालाच विमानतळ गाठा. नाणी इथं कुणी बदलून देत नाही, तेव्हा फया थाईला टोकन काढताना खिशातली सगळी नाणी यंत्रात घाला आणि नोटा तेवढ्या शिल्लक ठेवा.