पहिला एचडी टीव्ही घेताना

सोयाबीनचे पैसे हातात आले की मराठवाड्यातील अनेक घरांत दिवाळीच्या सुमारास टीव्हीचा विषय निघतो. दुकानात जाण्यापूर्वी भिंतीपासून बसण्याच्या जागेपर्यंतचे अंतर मोजावे. ते पाच-सहा फूट असेल, तर ३२ इंची पडदा पुरेसा होतो. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर असते.

एचडी म्हणजे जास्त ठिपक्यांचे, अधिक स्पष्ट चित्र. ‘एचडी रेडी’ पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८ ठिपके असतात, तर ‘फुल एचडी’वर १९२० × १०८०. ३२ इंचांत हा फरक दुरून फारसा जाणवत नाही, म्हणून हात आखडता असेल तर एचडी रेडी निःसंकोच घ्यावा. ४० इंचांपासून पुढे मात्र फुल एचडीच हवा. चित्र समोरून सुंदर दिसले तरी बाजूला उभे राहूनही पाहावे, कारण घरातील सगळे काही समोर बसत नाहीत, आणि काही पडद्यांचे रंग तिरक्या नजरेला फिके पडतात.

एचडी टीव्ही घेतला म्हणजे चित्र आपोआप एचडी होत नाही. त्यासाठी सेट-टॉप बॉक्स आणि वाहिनीही एचडी असावी लागते, आणि जोडणी एचडीएमआय केबलनेच (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल) करावी लागते. जुन्या तीनरंगी केबलमधून साधेच चित्र येते. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

गावात विजेचा दाब वरखाली होत असल्यास स्टॅबिलायझर घ्यावा. दुरुस्तीसाठी कारागीर घरी येतो, की टीव्ही लातूरला किंवा संभाजीनगरला न्यावा लागतो, हे विचारून पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घ्यावे.