मिशन वात्सल्यचा निधी अडला असता या चुका टाळा

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेचा हप्ता लांबला की अनेक बालगृहांचे पदाधिकारी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतात: योजना बंद झाली का? केंद्राने या योजनेला २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी, म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीपुरती मंजुरी दिली होती, त्यामुळे मुदतीच्या शेवटी अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बाल कल्याण समित्या (काळजीची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणाऱ्या समित्या), बालगृहांची नोंदणी आणि निराधार मुलांचे संरक्षण या जबाबदाऱ्या बाल न्याय अधिनियम, २०१५ मधून येतात. योजना त्यांसाठी पैसा पुरवते. समितीने आदेश देऊन पाठवलेल्या मुलाला निधी नसल्याच्या कारणाने परत धाडणे कायद्यात बसत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अर्थसंकल्पातील तरतूद हा हाती आलेला पैसा समजून खर्च ठरवणे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशन वात्सल्यसाठी १,५०० कोटी रुपये होते, पण ते राज्यांकडे आपोआप पोहोचत नाहीत. राज्याला दरवर्षी आर्थिक प्रस्ताव पाठवावा लागतो आणि केंद्राचे प्रकल्प मंजुरी मंडळ तो तपासते. महाराष्ट्रात केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असल्यामुळे राज्याचा हिस्साही वेळेत पडावा लागतो. त्यातच मागील निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यायचे राहिले असेल, तर पुढील हप्ता रखडतो. मार्चअखेरीस पावत्या शोधू लागणाऱ्या संस्थांना पुढचे काही महिने उसनवारीवर काढावे लागतात, यात नवल नाही. म्हणून थेट दिल्लीला पत्र लिहिण्याआधी आपला हिशेब जिल्हा बाल संरक्षण कक्षात पोहोचला आहे का आणि पुढे कोठे थांबला आहे, हे लेखी विचारावे.

कुटुंबांच्या बाबतीत गोंधळ वेगळा असतो. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात, म्हणजे कुटुंबात राहणाऱ्या गरजू मुलांसाठीच्या आर्थिक मदतीत, पात्र मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. राज्याची बालसंगोपन योजना ही निराळी असून तिची रक्कम व मंजुरीची वाट दोन्ही वेगळ्या आहेत. अर्ज एका योजनेचा आणि चौकशी दुसऱ्या योजनेची, असे झाले की कागद सापडत नाहीत. पैसे थांबल्यास प्रथम मंजुरी आदेशावरील योजनेचे नाव वाचावे, नंतर बँक खाते चालू व आधारशी जोडलेले आहे का हे पाहावे, आणि त्यानंतरच निधीबाबत विचारणा करावी.